व्हीएममध्ये नेट येईना? आधी चार प्रश्न विचारा, मग सेटिंगला हात लावा

(एपिसोडचा लिखित भाग. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. कंसातल्या वेळेवरनं थेट त्या भागावर उडी मारता येईल.)

[००:००] रात्री पावणेदहाचा फोन

कोल्हापुरातून बोलतोय. बाहेर पाऊस लागलाय, मागं पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण सुरुवात एका फोननं करतो. मागच्या वर्षीची गोष्ट. रविवार, रात्रीचे पावणेदहा. माझी मामेबहीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीला घरी गेलेली. घर भुदरगड तालुक्यात. घरी वायफाय नाही, फोनचा हॉटस्पॉट हाच आधार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका कंपनीची ऑनलाइन प्रॅक्टिकल टेस्ट. कंपनीनं आधीच कळवलं होतं की उबुंटू लागेल. तिच्या लॅपटॉपवर विंडोज, आणि विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू टाकलेलं. कॉलेजमध्ये शुक्रवारपर्यंत सगळं व्यवस्थित चालत होतं.

‘दादा, व्हीएममध्ये नेटच येईना झालंय बघ. सकाळी टेस्ट हाय. संध्याकाळपासनं सगळं करून बघितलं. आता फॉरमॅट मारून परत इन्स्टॉल करू काय?’

म्हटलं, ‘अगं थांब. काय काय केलंस ते सांग आधी.’

‘आठवत न्हाई. चार व्हिडिओ बघितले, जे सांगतील ते करत गेले.’

मंडळी, खरा प्रॉब्लेम या शेवटच्या वाक्यात आहे. आजचा एपिसोड त्याच्यावरच. तिचं नेट कसं चालू झालं ते सांगतोच, पण आधी हे नेट एकाकडून दुसऱ्याकडे जातं कसं ते बघू. ते एकदा कळलं की व्हिडिओ शोधायची गरज फार कमी पडते.

[०२:१०] वाड्यातला वाडा

व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन. तुमच्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. आतल्याला गेस्ट म्हणतात, म्हणजे पाहुणा. पाहुण्याकडं स्वतःचं वायफाय कार्ड नसतं. त्याला एक खोटं नेटवर्क कार्ड दिलेलं असतं आणि त्याला वाटतं की आपल्याला केबल जोडलीय. त्या केबलचं दुसरं टोक कुठं जोडायचं, हे यजमान ठरवतो. बहुतेक सगळी भानगड त्या दुसऱ्या टोकाची असते.

आता डोळ्यासमोर शिवाजी पेठेतला एखादा जुना वाडा आणा. मोठा दरवाजा एकच, घर नंबर एकच, पण आत पाच-सहा बिऱ्हाडं. सोप्यात आजोबा वही घेऊन बसलेत. मागच्या खोलीतल्या मुलीनं महाद्वार रोडवरच्या दुकानातनं पुस्तक मागवलं. आजोबांनी वहीत लिहिलं: अमुक दुकान, मागची खोली. पार्सल आलं ते वाड्याच्या पत्त्यावर. दुकानदाराला मागची खोली माहीतच नाही. आजोबा वही बघतात आणि पार्सल बरोबर त्या खोलीत पोहोचवतात. उद्या कुणी अनोळखी माणूस दारात येऊन म्हणाला, ‘मागच्या खोलीत जायचंय,’ तर आजोबा वही बघणार. नोंद नाही? मग आत प्रवेश नाही.

याला नॅट म्हणतात. नेट नाही हं, नॅट. नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन. आतले पत्ते आतच राहतात, बाहेर एकच पत्ता दिसतो आणि मध्ये वही असते.

हे आलं कुठून? इंटरनेटचा जुना पत्ता, आयपीव्ही४, हा ३२ बिटांचा. त्यात एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ऐकायला भरपूर वाटतात, पण जगात फोन किती, टीव्ही किती, लॅपटॉप किती! ही टंचाई येणार हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसत होतं. मे १९९४ मध्ये नॅटची पद्धत कागदावर आली. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले गेले: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. हे पत्ते कुणीही आपल्या घरात वापरावेत, पण उघड्या इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. आमच्या गल्लीत ‘मागची खोली’ म्हटलं की कळतं, सांगलीत जाऊन ‘मागची खोली’ म्हटलं तर कुणाच्या घराची? तसंच.

एवढं करूनही फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले आयपीव्ही४ चे मोकळे पत्ते वाटून संपले. नवीन आयपीव्ही६ मध्ये टंचाई नाही, पण तो विषय दुसऱ्या दिवशी.

आता माझ्या बहिणीचा केस बघा. उबुंटूसाठी लॅपटॉप हा वाडा. लॅपटॉपसाठी फोन हा वाडा, कारण हॉटस्पॉट चालू केला की फोनसुद्धा नॅटच करतो. आणि फोनसाठी मोबाइल कंपनी हा आणखी मोठा वाडा. कंपन्यांच्या या मोठ्या नॅटसाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ असा वेगळा पट्टाच राखून ठेवला गेला. म्हणजे तिच्या व्हीएममधनं निघालेली एक चिठ्ठी तीन आजोबांच्या वहीतनं जाते आणि तशीच परत येते.

म्हणून ‘नेट बंद आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या दारात बंद आहे? हे शोधायचं असतं.

[०६:००] केबलचं दुसरं टोक: तीन पर्याय

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमच्या सेटिंग्जमध्ये जा, मग नेटवर्क, आणि तिथं ‘अटॅच्ड टू’ असं लिहिलेलं दिसेल. पर्याय बरेच असतात, आपल्या कामाचे तीन.

पहिला, नॅट. आत्ता सांगितलेला वाडा. यात गेस्टला बहुतेक वेळा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. गेटवे, म्हणजे दारातले आजोबा, १०.०.२.२ वर. आणि नावं शोधून देणारा डीएनएस १०.०.२.३ वर. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढं लागतील. लॅपटॉपला नेट कुठूनही मिळू दे, केबल, वायफाय नाहीतर हॉटस्पॉट, नॅटला फरक पडत नाही. म्हणून नवीन व्हीएम बनवली की हाच पर्याय आपोआप निवडलेला असतो.

दुसरा, ब्रिज्ड. यात गेस्ट वाड्याच्या आत राहत नाही, गल्लीत स्वतःचं घर मांडतो. राउटर त्याला वेगळा पत्ता देतो, नेटवर्कमधले बाकीचे कॉम्प्युटर त्याला थेट बघू शकतात. प्रॅक्टिकलला मस्त. पण दोन अटी. एक, कुठल्या कार्डावर ब्रिज करायचं हे सांगावं लागतं, केबलच्या की वायफायच्या. दोन, गल्लीनं त्याला घर द्यायला पाहिजे. कॉलेज, होस्टेल, ऑफिस इथं बऱ्याचदा लॉगिनचं पान असतं किंवा ओळखीच्या मशीनलाच परवानगी असते. तिथं हा नवीन पाहुणा दाराबाहेरच उभा राहतो.

वायफायवर तर ब्रिजची आणखी एक अडचण. राउटर किंवा हॉटस्पॉट फक्त त्याच्याशी जोडलेल्या कार्डाशी बोलतो. गेस्टच्या खोट्या कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो आणि तो जोडलेलाच नसतो. व्हर्च्युअलबॉक्स मध्ये पडून गेस्टच्या पाकिटांवर होस्टचा मॅक अ‍ॅड्रेस लावतो, त्यामुळं कधी काम होतं, कधी होत नाही. हॉटस्पॉटवर असाल तर ब्रिजच्या नादाला लागू नका.

तिसरा, होस्ट ओन्ली. यात यजमान आणि पाहुणा फक्त एकमेकांशी बोलतात. बाहेरचं नेट येतच नाही. हा पर्याय चुकून निवडला गेला आणि पत्ता १९२.१६८.५६ नं सुरू होणारा दिसला, तर बिघाड काहीच नाहीये. तुम्ही जे मागितलं तेच मिळालंय.

व्हीएमवेअर वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडं हेच तीन पर्याय आहेत. फक्त विंडोजमध्ये नॅटचं काम ‘व्हीएमवेअर नॅट सर्व्हिस’ आणि ‘व्हीएमवेअर डीएचसीपी सर्व्हिस’ या दोन सेवा करतात. त्या बंद पडल्या तर गेस्टला नॅटमधनं नेट मिळत नाही. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्या चालू आहेत का, हे बघून घ्या.

[०९:००] चार प्रश्न

आता मुख्य भाग. वही-पेन घ्या. माझ्या बहिणीलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, ‘थांब दादा, लिहून घेतो.’ (होय, आमच्याकडं मुलीही ‘घेतो’ म्हणतात, बाहेरगावच्यांनी दचकू नये.)

प्रश्न विचारायच्या आधी एक गोष्ट बघायची: लॅपटॉपवर, म्हणजे होस्टवर, नेट चालू आहे का? हसू नका. हॉटस्पॉट आपोआप बंद झालेला असतो, रोजच्या दीड जीबीचा पॅक संपलेला असतो आणि आपण दोन तास व्हीएमशी भांडत बसतो. ब्राउझरमध्ये यापूर्वी कधी न उघडलेली साइट उघडून बघा. रोजची साइट साठवलेल्या पानावरनं फसवू शकते.

पहिला प्रश्न: गेस्टला पत्ता मिळालाय का?

उबुंटूत टर्मिनल उघडा आणि टाइप करा: आयपी, स्पेस, ए. सगळं छोट्या लिपीत. विंडोज गेस्ट असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग. नॅट असेल तर १०.०.२.१५ दिसायला पाहिजे. उबुंटूत पत्त्याची ओळच नसेल, किंवा विंडोजमध्ये १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर याचा अर्थ गेस्टनं पत्ता मागितला आणि कुणी उत्तरच दिलं नाही. १६९.२५४ हा विंडोजनं स्वतःच घेतलेला तात्पुरता पत्ता असतो.

असं झालं तर बिघाड केबलच्या दुसऱ्या टोकाला. ‘अटॅच्ड टू’ बघा. ब्रिज्ड असेल तर कार्ड कुठलं निवडलंय ते बघा. आणि ‘केबल कनेक्टेड’ नावाची एक छोटी चौकट असते, तिची खूण निघालेली नाही ना, तेही बघा.

दुसरा प्रश्न: बाहेरच्या आकड्यापर्यंत पोहोचतंय का?

टाइप करा: पिंग, स्पेस, ८.८.८.८. हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर. इथं मुद्दाम नाव न देता आकडा देतोय, कारण नावाचा प्रश्न वेगळा तपासायचाय. उत्तर येत असेल तर तिन्ही आजोबा आपलं काम करतायत.

उत्तर नाही आलं तर टाइप करा: आयपी, स्पेस, आर. ‘डिफॉल्ट’ नं सुरू होणारी ओळ दिसायला पाहिजे, नॅटमध्ये तिथं १०.०.२.२ असेल. ही ओळ नसेल तर गेस्टला दार कुठल्या बाजूला आहे हेच माहीत नाही.

इथं एक लपलेली भानगड सांगतो. गेस्टमध्ये डॉकर टाकलेलं असेल तर ते स्वतःसाठी १७२.१७ नं सुरू होणारा पट्टा घेतं. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कमध्येही नेमका तोच पट्टा असला, तर तिथल्या सर्व्हरसाठीची चिठ्ठी गेस्टच्या आतच फिरत राहते. एका नावाची दोन घरं झाल्यावर पोस्टमन काय करणार? अशा वेळी डॉकरचा पट्टा बदलावा लागतो.

आणि पिंगवर आंधळा विश्वास नको. काही नेटवर्कमध्ये पिंग मुद्दाम अडवलेलं असतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये साधं पिंग चालतं, पण वाटेतले टप्पे दाखवणारं ट्रेसरूट भरवशाचं नाही. त्यामुळं पिंग चाललं तर वाट मोकळी आहे हे नक्की, पण नाही चाललं तर लगेच निकाल लावू नका.

तिसरा प्रश्न: नावावरनं आकडा सापडतोय का?

टाइप करा: एनएसलुकअप, स्पेस, आणि कुठल्याही साइटचं नाव. आकड्याला पिंग जातंय पण नाव सापडत नाही, तर बिघाड डीएनएसमध्ये. म्हणजे रस्ता चालू आहे, फक्त पत्ता सांगणारा माणूस जागेवर नाही.

हे कधी होतं? दोन कारणं नेहमीची. एक, तुम्ही जागा बदलता. सकाळी कॉलेजच्या वायफायवर, संध्याकाळी हॉटस्पॉटवर, आणि व्हीएम बंद न करता तशीच ‘सेव्ह’ करून ठेवलेली. गेस्ट जुन्या डीएनएसलाच हाका मारत बसतो. गेस्टमधलं नेटवर्क एकदा बंद करून चालू करा, नाहीतर व्हीएम नीट रीस्टार्ट करा. दोन, कधीतरी कुणीतरी डीएनएसचा आकडा हातानं टाकलेला असतो. कोण टाकतं? आपणच.

उबुंटूत डीएनएसच्या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसलं तर घाबरून पुसू नका. तो उबुंटूचा आतलाच मदतनीस आहे, खरा सर्व्हर त्याच्या मागं असतो. तो बघायचा तर कमांड आहे रिझॉल्व्हसीटीएल, स्पेस, स्टेटस.

चौथा प्रश्न: पिंग जातंय, नाव सापडतंय, मग ब्राउझर किंवा अ‍ॅप का चालत नाही?

आता नेट दोषी नाही. घड्याळ बघा. खरंच, घड्याळ! शुक्रवारी सेव्ह करून ठेवलेली व्हीएम रविवारी उघडली आणि आतलं घड्याळ शुक्रवारीच अडकलं असेल, तर सुरक्षित साइट तक्रार करू शकते, कारण साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. जुना स्नॅपशॉट उघडला तर हे जास्त होतं.

दुसरं, प्रॉक्सी. कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझरला प्रॉक्सी दिलेली असते. होस्टला माहीत आहे, गेस्टला कुणी सांगितलंच नाही. किंवा उलटं: गेस्टमध्ये कॉलेजची प्रॉक्सी तशीच राहिली आणि तुम्ही घरी आलात. उबुंटूत सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या एपीटीची प्रॉक्सी वेगळ्या फाइलमध्ये असते. ब्राउझर चालतोय पण अपडेट होत नाही, असं झालं तर तिथं बघा.

[१४:२०] भुदरगडात काय सापडलं

आता परत त्या रात्रीकडं.

होस्टवर नेट होतं. पहिला प्रश्न विचारला, तर तिच्या गेस्टला पत्ता होता: १९२.१६८.१.५०.

म्हटलं, ‘हा कुठून आला गं?’

‘व्हिडिओत सांगितलं तसा टाकला.’

‘आणि अटॅच्ड टू?’

‘ब्रिज्ड. कॉलेजात सरांनी तसंच सांगितलेलं.’

‘खाली कार्ड कुठलं?’

तिनं वाचून दाखवलं. केबलचं कार्ड! कॉलेजच्या लॅबमध्ये केबल होती, म्हणून ते बरोबर होतं. घरी केबलच नाही. लॅपटॉप हॉटस्पॉटवर आणि व्हीएम मात्र रिकाम्या केबलच्या भोकाला तोंड लावून बसलेली. मूळ बिघाड एवढाच. शुक्रवार ते रविवार यात बदलली ती फक्त जागा.

‘अटॅच्ड टू’ मध्ये नॅट केलं. व्हीएम चालू असतानाच हे बदलता येतं. तरी नेट नाही. ती म्हणाली, ‘बघ, मी म्हटलेलं फॉरमॅट मारायला पाहिजे.’ पण आता दोष दुसऱ्या ठिकाणी होता. हातानं टाकलेला १९२.१६८.१.५० तसाच होता आणि वाडा तर १०.०.२ चा. उबुंटूच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ ‘मॅन्युअल’ वरनं ‘ऑटोमॅटिक’ केलं, नेटवर्क बंद करून चालू केलं, आणि आलं: १०.०.२.१५.

दुसरा प्रश्न. पिंग ८.८.८.८. उत्तर येतंय! तिकडून जोरात आवाज आला, मागं मामी विचारत होत्या, ‘काय झालं गं?’

ब्राउझर उघडला, तर साइट नाही.

तिसरा प्रश्न. नाव सापडत नाही. कारण त्याच व्हिडिओच्या नादात तिनं डीएनएसमध्ये १९२.१६८.१.१ टाकला होता. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या घरचा राउटर तो! त्याच्या घरात बरोबर, भुदरगडात त्याचा काय उपयोग? आणि पत्ता ‘ऑटोमॅटिक’ केला तरी डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ हे वेगळं बटण असतं, ते बंदच होतं. ते चालू केलं, आकडा पुसला, नेटवर्क परत बंद-चालू.

साइट उघडली. अकरा वाजून दहा मिनिटं.

आता मोजा. मूळ बिघाड एक. तो दुरुस्त करायच्या नादात आपण घातलेले बिघाड दोन. आणि त्या दोघांमुळं खरा उपाय केल्यावरसुद्धा तो चुकीचा वाटला. तिनं संध्याकाळी एकदा नॅट करून बघितलं होतं म्हणे, पण पत्ता आधीच हातानं टाकलेला असल्यामुळं चाललं नाही, म्हणून परत ब्रिज्ड केलं. बरोबर उत्तर हातात येऊन सुटलं.

म्हणून माझा नियम: एका वेळी एकच बदल. बदल करायच्या आधी आधीचं सेटिंग वहीत लिहा, नाहीतर फोननं स्क्रीनचा फोटो काढा. उपयोग नाही झाला, तर पुढचं काही करायच्या आधी तो बदल मागं घ्या. ऐकायला मास्तरकी वाटते, पण रात्री पावणेदहाला हीच कामाला येते.

[१७:३०] जाता जाता दोन गोष्टी

एक, डेटाची. गेस्टला वाटतं आपण केबलवर आहोत. विंडोजमध्ये तुम्ही हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ म्हणून ठेवलं असलं तरी ती गोष्ट आतल्या उबुंटूला कळत नाही. तो निवांत अपडेट उतरवत बसतो आणि तुमचा दिवसाचा पॅक दुपारीच संपतो. हॉटस्पॉटवर असाल तर गेस्टमधले आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा. त्या रात्री नेट आल्याबरोबर आम्ही आधी हेच केलं, नाहीतर सकाळी टेस्टच्या वेळी पॅक संपला असता.

दुसरी, उलट्या दिशेची. बरेच जण विचारतात, ‘व्हीएममध्ये वेबसाइट बनवली, ती फोनवर का उघडत नाही?’ आजोबा आठवा. बाहेरनं आलेल्याची वहीत नोंद नाही, म्हणून प्रवेश नाही. मग आपणच आगाऊ नोंद करून ठेवायची: लॅपटॉपच्या ८०८० नंबरच्या दारावर कुणी आलं तर त्याला गेस्टच्या ८० नंबरच्या दारावर पाठवा. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट सेटिंगमध्येच ते बटण आहे. मग फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढं ८०८० टाकायचं. पत्ता लॅपटॉपचा हं, १०.०.२.१५ नाही. तरी नाही उघडलं तर विंडोजचा फायरवॉल बघा. आणि काम झालं की ती नोंद काढून टाका, दार उगाच उघडं ठेवू नका.

[१९:४०] टेस्टचं काय झालं?

सोमवारी सकाळी दहाला तिनं टेस्ट दिली. नेट एकदाही तुटलं नाही. पहिली फेरी पास झाली, दुसऱ्या फेरीत राहिली. वाईट वाटलंच तिला. पण राहिली ती कोडिंगच्या प्रश्नावर, केबलच्या रिकाम्या भोकामुळं नाही, आणि कोडिंगचा अभ्यास करता येतो. पुढं दोन महिन्यांनी दुसरीकडं लागली.

तिची ती वही अजून आहे. पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिलेत: पत्ता आहे का, आकडा लागतो का, नाव सापडतं का, अ‍ॅप चालतंय का. आणि खाली तिनं स्वतःच्या मनानं पाचवी ओळ टाकलीय: ‘दादाला फोन करायच्या आधी हे बघणे.’

तुम्हीही हा भाग सेव्ह करून ठेवा, आणि व्हीएमवर नेट नाही म्हणून कुणी मित्र फॉरमॅट मारायला निघाला असेल तर त्याला पाठवा. तुमच्याकडं वेगळाच बिघाड असेल तर चारपैकी कुठल्या प्रश्नावर अडलात तेवढं कळवा, तिथनं पुढं बघू.

चला, पावसात लॅपटॉप सांभाळा. भेटू पुढच्या एपिसोडला.